वेगाची गाडी आणि वाट करणारे हात

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्ता एकाएकी जगाच्या चर्चेत आला. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात ३ जूनच्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबराचा थर टाकायला सुरुवात झाली आणि ७ जूनच्या सायंकाळी ५ वाजता ७५ किलोमीटर लांबीची एकपदरी पट्टी पूर्ण झाली. १०५ तास आणि ३३ मिनिटे! याआधीचा विक्रम कतारमधील दोहा शहराच्या नावावर होता. तेथे २०१९ मध्ये पंचवीस किलोमीटरहून थोडी अधिक पट्टी टाकायला दहा दिवस लागले होते. गिनीज बुकात नोंद झाली, महामार्ग प्राधिकरणाचे आणि राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीचे नाव झाले, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर अभिनंदन केले. त्यांनी कामगारांचेही कौतुक केले, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. परंतु सल्लागारांसह जी सातशे वीस माणसे या कामावर राबली, ती कोण होती, कोणत्या गावची होती, त्यांच्या हातात पुढे कोणते काम आले, याची चर्चा झाली नाही. वऱ्हाडातला जूनचा पहिला आठवडा म्हणजे काय असतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको. वरून आग ओकणारे ऊन आणि पायाखाली दीडशे अंशांच्या घरातले डांबर!

आज हा विषय काढण्याचे कारण वेगळे आहे. रस्ता वेगाने बांधण्याचा विक्रम आमच्या दारात झाला. पण रस्त्यावरून वेगाने धावणारे यंत्र बांधण्याचे शास्त्र, ज्याला जगात जमिनीवरील वेगाचा विक्रम म्हणतात, त्या शास्त्राच्या कार्यशाळेत आमची मुले कुठे आहेत, हा प्रश्न आम्हाला विचारायचा आहे. काहींना हा श्रीमंतांचा षौक वाटेल. आमच्या पोराबाळांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या वेळेवर नाहीत, आणि संपादक महाशय मोटारींच्या शर्यतीवर लिहितात! वाचकहो, थोडा धीर धरा. षौक करणारा गाडीत बसतो. आम्ही गाडी बांधणाऱ्याबद्दल बोलत आहोत.

जमिनीवरच्या वेगाची पहिली मान्य नोंद १८ डिसेंबर १८९८ ची. फ्रान्समध्ये आशेर येथे एका सरदारपुत्राने विजेवर चालणारी गाडी ताशी ६३ किलोमीटर वेगाने पळवली. चार महिन्यांनी, एप्रिल १८९९ मध्ये, कामी जेनात्सी या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०५ किलोमीटरचा पल्ला गाठला, आणि तीही गाडी विजेचीच होती. आज जिला नव्या युगाची गाडी म्हणून आपल्यापुढे मिरवले जाते ती सव्वाशे वर्षांपूर्वी शंभराच्या पुढे गेलेली होती. त्यानंतर पेट्रोल आले, विमानाची इंजिने आली, जेट आले. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीन या ब्रिटिश वैमानिकाने थ्रस्ट एसएससी ही गाडी ताशी १२२७.९८५ किलोमीटर वेगाने चालवली. जमिनीवर ध्वनीचा वेग अधिकृतपणे ओलांडला गेला तो त्या दिवशी. हा आकडा आजही कुणाला मोडता आलेला नाही.

या विक्रमाचा नियम साधा आणि न्याय्य आहे. मोजलेल्या एक मैलाच्या किंवा एक किलोमीटरच्या अंतरातून गाडी एकदा जाते, एक तासाच्या आत उलट दिशेने परत येते, आणि दोन्ही वेगांची सरासरी धरतात. वाऱ्याचा फायदा एका बाजूने मिळाला तर दुसऱ्या बाजूने तो फेडावा लागतो. समाजातल्या शर्यतीला असा नियम असता तर किती बरे झाले असते! इथे काहींच्या पाठीवर दोन हजार वर्षे वारा आहे आणि तरी निकाल एकाच फेरीवर लावतात. त्याला गुणवत्ता म्हणतात.

वेग वाढवणे म्हणजे केवळ मोठे इंजिन बसवणे नव्हे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती आठपट होते. म्हणून या गाड्या बांधणारे लोक इंजिनाआधी हवेचा विचार करतात. थ्रस्ट एसएससीचा आकार ठरवणारे रॉन आयर्स हे क्षेपणास्त्रांवर काम केलेले गृहस्थ होते. तिच्या चाकांना रबरी टायर नव्हते. त्या वेगाला रबर टिकत नाही, म्हणून चाके भरीव ॲल्युमिनियमची. गाडी वळवण्याची व्यवस्था मागच्या चाकांवर होती. ही कल्पना चालेल की नाही याची खात्री त्यांनी कशी केली? एका छोट्या मिनी मोटारीत फेरफार करून, तिच्यावर प्रयोग करून. दहा टनांची, दोन जेट इंजिनांची गाडी बांधणारी माणसे आधी जुन्या छोट्या गाडीवर हात बसवून घेतात. इंजिनिअरिंग म्हणजे हेच. ते फळ्यावर अर्धे शिकवता येते, उरलेले अर्धे कार्यशाळेतच शिकावे लागते.

याच मंडळींनी पुढे ब्लडहाउंड नावाची गाडी काढली. ताशी हजार मैल हे तिचे लक्ष्य होते, आणि इंग्लंडातल्या शाळकरी मुलांना इंजिनिअरिंगची गोडी लागावी हा तिचा जाहीर हेतू होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हाक्सकीन पॅन या कोरड्या तळ्यावर ती ताशी १०१० किलोमीटरपर्यंत गेली. पुढे पैसा आटला आणि गाडी संग्रहालयात जाऊन बसली. तिच्या चाकांचे गणित ऐकण्यासारखे आहे. नव्वद सेंटिमीटर व्यासाचे, पंचाण्णव किलो वजनाचे चाक पूर्ण वेगात मिनिटाला दहा हजार दोनशे फेरे घेणार आणि त्याच्या कडेवर पृथ्वीच्या ओढीच्या पन्नास हजार पट ताण येणार, असे ते आखलेले होते. पण आम्हाला त्या चाकाहूनही महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या खालचा मार्ग. त्या तळ्याच्या पृष्ठभागावर दगड विखुरलेले होते. इतक्या वेगात एक खडा चाकाखाली आला तरी चालक जगत नाही. यंत्राने दगड काढावेत तर पृष्ठभाग बिघडतो. तेव्हा तेथील मीयर समाजाच्या ३१७ स्त्री-पुरुषांनी २ कोटी २० लाख चौरस मीटर जमीन हातांनी साफ केली. १६ हजार ५०० टन दगड त्यांनी वेचले. ज्या देशाने वर्णभेदाचे कायदे भोगले, त्या देशातल्या गरीब माणसांनी वाकून वाकून वेगाची वाट तयार केली. गाडीत बसणाऱ्याचे नाव जगाला ठाऊक आहे.

लोणी-मानाचा रस्ता आणि हाक्सकीन पॅन यांत हजारो मैलांचे अंतर असले तरी कथा एकच आहे. वाट आमची, वेग त्यांचा.

मग आमच्या वऱ्हाडात वेगाची परंपरा नव्हती काय? होती. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट कुणाला ठाऊक नाही? सरळ धावपट्टी, एक जोडी, एक धुरकरी आणि घड्याळ. समोरासमोर धक्काबुक्की नाही. ठरलेले अंतर किती सेकंदांत कापले एवढाच प्रश्न. नेवाडाच्या वाळवंटात जे चालते त्याचेच हे गावरान रूप म्हणावे लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांना होणाऱ्या त्रासाचा वाद हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात आज आम्ही पडत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते बैलांच्या मागच्या गाडीबद्दल.

ती हलकी गाडी कोण बांधत होते? जोडीचा मालक नव्हे. लाकूड निवडून तुंबा, आरे आणि पुठ्ठे बसवणारा वाढई, त्यावर लोखंडी धाव चढवणारा खाती, जोते आणि वाद्या करून देणारा चर्मकार. धाव चढवणे हे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यातले शास्त्र सांगायला नको. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवायचा. किती कमी, हे खात्याला डोळ्याने आणि दोरीने कळते. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद तापवायची, म्हणजे ती फुलते. फुललेली धाव सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. निवताना लोखंड आवळते आणि चाकाचे सगळे सांधे असे घट्ट बसतात की वर्षानुवर्षे खडकातून गाडी गेली तरी चाक खिळखिळे होत नाही. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हा नियम इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात आणि तोंडी परीक्षेत विचारतात. त्या खात्याच्या नातवाला इंग्रजीत व्याख्या सांगता आली नाही की परीक्षक मान हलवतात. ज्याच्या आज्याने तो नियम रोज हाताने वापरला त्याला गुण शून्य!

यावर कुणी म्हणेल, संपादक जुन्या बलुतेदारीचे गोडवे गाऊ लागले. मुळीच नाही. खात्याच्या पोराने खातीच व्हावे, चर्मकाराच्या पोराने चामडेच ओढावे, ही व्यवस्था आमच्या छातीवर दगड होऊन बसली होती. बाबासाहेबांनी दाखवून दिले की कामाची वाटणी वेगळी आणि काम करणाऱ्या माणसांना एकमेकांपासून कायमचे तोडून टाकणे वेगळे. येथे दुसरे झाले. ज्याच्या हातात हातोडा त्याला अक्षर नाही, ज्याच्या हातात पोथी त्याला हातोड्याचा विटाळ. परिणाम काय झाला? हजार वर्षे तोच बैल, तीच गाडी, तेच चाक. हाताला ठाऊक असलेले डोक्याला कळले नाही आणि डोक्यातले गणित हातापर्यंत उतरले नाही. युरोपात जेव्हा घड्याळजी, लोहार आणि गणिती एका छपराखाली आले तेव्हा वाफेचे इंजिन जन्माला आले. आमच्या मूर्तिजापूरच्या शकुंतलेला ओढले तेही मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडवलेल्या इंजिनाने, आणि तेच इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत राहिले. वऱ्हाडचा कापूस नेणाऱ्या गाडीचे इंजिन वऱ्हाडात का घडले नाही, याचे उत्तर जातीच्या उतरंडीत शोधावे लागते.

म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना वाजतगाजत आणली तेव्हा आम्हाला आनंद कमी आणि शंका अधिक वाटली. अठरा पारंपरिक व्यवसाय, तेरा हजार कोटींची तरतूद, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, तीन लाखांपर्यंत कर्ज. कारागिराच्या हातात पैसा पडत असेल तर तो जरूर पडावा. पण योजनेच्या उद्दिष्टातच गुरू-शिष्य परंपरा आणि कुटुंबातून चालत आलेला व्यवसाय बळकट करण्याची भाषा आहे. म्हणजे लोहाराने चांगला लोहार व्हावे, इतकेच. लोहाराच्या मुलीने धातुशास्त्र शिकावे आणि पुरोहिताच्या मुलाने ऐरणीवर घण मारायला शिकावे, ही भाषा त्यात कुठे आहे?

बाबासाहेबांनी याचा विचार ऐंशी वर्षांपूर्वी करून ठेवला होता. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर काही महिन्यांतच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात केवळ वकिली आणि कलाशाखेच्या पदव्यांवर ते समाधान मानत नाहीत. विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागतात, परदेशी शिक्षणासाठी पैसा मागतात, आणि त्याच निवेदनात रेल्वेच्या कार्यशाळांत व सरकारी छापखान्यांत आमच्या मुलांना उमेदवारीवर घ्या असेही मागतात. प्रयोगशाळा आणि कार्यशाळा, दोन्ही एकाच वेळी! आज ज्या भारत सरकार शिष्यवृत्तीवर आमची लाखो मुले शिकली ती योजना १९४४ ची, त्याच धडपडीतून आलेली. या निवेदनातले अर्धे आम्ही लक्षात ठेवले आणि कार्यशाळेचे अर्धे विसरलो, असे खेदाने म्हणावे लागते. आमच्या समाजातही मुलगा इंजिनिअर झाला म्हणजे त्याच्या हाताला ग्रीस लागू नये असे वाटणारे आईबाप आहेत. घाण काम करून आपण थकलो, मुलाने खुर्चीत बसावे, ही त्यांची इच्छा आम्हाला कळते. पण खुर्चीत बसून गाडी बांधता येत नाही.

आता आजच्या वऱ्हाडाकडे येऊ. अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांची लाट आली. बडनेरा, अकोल्याजवळचे बाभूळगाव, शेगाव अशी केंद्रे उभी राहिली. यांत्रिकी शाखेच्या मुलांसाठी देशात स्वतः गाडी बांधून आणण्याच्या स्पर्धा होतात. इंदूरजवळ पीथमपूर येथे २००७ पासून बाहा ही स्पर्धा सुरू झाली. खडबडीत रानातून चालणारी एक माणसाची गाडी मुलांनी आखायची, बांधायची आणि शेवटी सलग चार तास पळवायची. फॉर्म्युला प्रकारच्या स्पर्धेत थांबलेल्या स्थितीतून पंच्याहत्तर मीटर अंतर किती कमी वेळात कापले ते मोजतात. चार-पाच सेकंदांचा खेळ. आमच्या शंकरपटासारखाच! त्याच पीथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीची वेगचाचणीची धावपट्टी झाली. म्हणजे मेळघाट ओलांडला की वेगाची प्रयोगशाळा आहे. ती चंद्रावर नाही.

बाहा स्पर्धेतली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. तेथे अनेक वर्षे सगळ्या संघांना एकाच बनावटीचे, दहा अश्वशक्तीचे इंजिन ठरवून दिलेले होते. बापाच्या पैशाने मोठे इंजिन आणता येत नाही. चालकाभोवतीच्या पोलादी पिंजऱ्याची नळी किती जाडीची, पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के, हेही नियमात लिहिलेले. मग फरक कशाने पडतो? वजन कुठे वाचवले, जोड किती पक्का केला, चाकाची बैठक कशी साधली, याने. कागदावर ही समता आहे. परंतु इंजिन सारखे असले म्हणून अवजारे सारखी होतात काय? एका संघाकडे संगणकावर चालणारी यंत्रे आणि कंपनीतला काका असतो. दुसऱ्या संघाची मुले वर्गणी काढतात, संध्याकाळी पाचला कार्यशाळेला कुलूप लागले की गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात जाऊन उधारीवर नळ्या वाकवून घेतात. आणि ज्या मुलाचा बाप हमाली करतो तो मुलगा वर्गणीचे नाव निघताच हळूच मागे सरकतो. सर, मला अभ्यास आहे, म्हणतो. अभ्यास नसतो, पैसे नसतात. शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्क बसते, परीक्षा शुल्क बसते, निर्वाहभत्ता बसतो. गाडीची वर्गणी कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्यात शिष्यवृत्तीचा हप्ता वर्ष संपल्यावर खात्यात पडतो. चार वर्षांनी मोठ्या मोटार कंपनीचा अधिकारी मुलाखत घ्यायला येतो आणि विचारतो, तुम्ही कोणती गाडी बांधली? वर्गणी न भरणाऱ्याकडे उत्तर नसते. नोकरी गुणवत्तेवर गेली असे मग सगळे सांगतात.

ही झाली महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोचलेल्यांची गोष्ट. दाराबाहेर कोण आहे? ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात फुलसावंगी येथे एक चोवीस वर्षांचा तरुण मरण पावला. आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगचे काम करणारा, गरीब मुसलमान घरातला. त्याने मोबाइलवर पाहून पाहून, स्वतःच्या हातांनी एक आसनी हेलिकॉप्टर बांधले होते. चाचणीच्या रात्री मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि मुख्य पंखा त्याच्या डोक्याला लागला. वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली, वऱ्हाडचा रँचो म्हणून दोन दिवस गोडवे गायले आणि विषय संपला. आम्हाला विचारायचे आहे की त्या मुलाच्या यंत्राची तपासणी करायला एक तरी प्राध्यापक दोन वर्षांत त्या गावात का गेला नाही? फिरत्या पंख्याचा तोल कसा तपासतात, धातू थकून कसा तुटतो, पहिली चाचणी माणूस न बसवता दोरखंडाने बांधून कशी करतात, हे सांगणारी माणसे आपल्याच विभागातल्या महाविद्यालयांत पगार घेत होती. स्पर्धेच्या गाडीला इंजिन तोडणारी कळ लागते, अग्निशामक लागतो, पाच बिंदूंचा पट्टा लागतो, वेल्डिंगचा नमुना तोडून पाहतात. ही सगळी काळजी प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी. फुलसावंगीच्या मुलाला त्यातले काहीच लाभले नाही.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातले. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावी लोखंडाचे काम करणाऱ्या एका कारागिराने भंगारातून चारचाकी गाडी बांधली. सुमारे साठ हजार रुपये खर्च. दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत गाजली, महिंद्र उद्योगाच्या प्रमुखांनी कौतुक केले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिली. हा मनाचा मोठेपणा आहे आणि आम्ही तो नाकारत नाही. पण त्या बदल्यात एक गोष्ट आमच्या मनाला टोचते. कारागिराने केलेली गाडी कंपनीच्या संशोधन केंद्रात ठेवण्यासाठी गेली, आणि कारागिराला मिळाली दुसऱ्याने केलेली गाडी. वस्तूला मान मिळाला. हाताला मिळाला काय?

याच्या शेजारी एक परदेशी उदाहरण ठेवून पाहा. कॅलिफोर्नियातील बॉब आणि बिल समर्स हे दोन भाऊ हौशी गाड्या बांधणारे होते, कुठल्या विद्यापीठाचे पंडित नव्हते. त्यांनी एकामागे एक चार इंजिने बसवून गोल्डनरॉड नावाची निमुळती गाडी बांधली आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी ६५८ किलोमीटरचा विक्रम केला. ती इंजिने त्यांना क्रायस्लर कंपनीने वापरायला दिली होती. कंपनीने त्यांची गाडी घेऊन त्यांना तयार मोटार दिली नाही. त्यांच्या हातात आपले इंजिन दिले. कारागिराला बक्षीस देणे आणि कारागिरावर विश्वास टाकणे यातला फरक तो हाच.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अमरावती आणि अकोला येथील शासकीय अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी मिळून एक सामाईक कार्यशाळा चालवावी. ती रात्री दहापर्यंत उघडी राहावी आणि तीत वेल्डर, फिटर, टर्नर यांच्या मुलामुलींना अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने संघात नाव मिळावे. आखणी एका जातीची आणि जोडकाम दुसऱ्या जातीचे, ही जुनी वाटणी नव्या रंगात आम्हाला चालणार नाही. मागास विद्यार्थ्यांची स्पर्धेची वर्गणी, प्रवास आणि साहित्य यांचा खर्च अनुसूचित जाती उपयोजनेतून द्यावा, आणि बार्टीने त्यासाठी स्वतंत्र शीर्ष उघडावे. पैसा नाही हे कारण कुणी देऊ नये. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे चारशे दहा कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले आणि त्या खात्याच्या मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे जरूर द्यावेत. ते भावांच्या आणि भाच्यांच्या शिक्षणातून काढू नयेत. वळवलेल्या रकमेच्या व्याजातही दहा-वीस गाड्या बांधून होतील.

आणखी एक. जुन्या धावपट्ट्यांवर वेगाच्या चाचण्या घेणे जगात नवे नाही. इंग्लंडमध्ये एल्विंग्टनच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर त्या होतात. आपल्या राज्यातही आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती झाल्या आहेत, त्या अर्थात पैसेवाल्यांच्या. अकोल्याजवळची शिवणीची धावपट्टी इंग्रजांच्या काळातली असून वर्षानुवर्षे नियमित प्रवासी विमानाची वाट पाहत आहे. विमानतळ प्राधिकरणाची परवानगी घेऊन, रुग्णवाहिका आणि अग्निशामक दल उभे करून, वर्षातून एक दिवस तेथे वऱ्हाडातल्या मुलांनी बांधलेल्या गाड्यांची सरळ रेषेतली वेळ मोजता येईल. एल्विंग्टनलाच सप्टेंबर २००६ मध्ये जेट गाडीचा टायर फुटून एक नामवंत सूत्रसंचालक मरता मरता वाचला, हे लक्षात ठेवून वेगाची मर्यादा आधीच ठरवावी आणि ज्याची गाडी तपासणीत उतरणार नाही त्याला धावपट्टीवर सोडू नये. त्या दिवशी ज्यांच्याकडे पदवी नाही, पण यंत्र आहे, अशा गावोगावच्या कारागिरांनाही तपासणीच्या टेबलापर्यंत येऊ द्यावे. नापास झाले तरी का नापास झाले, हे त्यांना मराठीत समजावून सांगावे.

जिल्हा नियोजन समितीत आमच्या समाजाचेही सदस्य बसतात. पुढच्या बैठकीत अमरावतीत आणि अकोल्यात, दोन्हीकडे, या कार्यशाळेचा आणि शिवणीच्या दिवसाचा प्रस्ताव त्यांनी लेखी द्यावा आणि पालकमंत्र्यांचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. ते उत्तर आम्ही याच स्तंभात जसेच्या तसे छापू.